विसरलेला हॉकी क्लब : 'झुंड'च्या निमित्ताने

नागराज मंजुळे ह्यांचा 'झुंड' हा चित्रपट ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा त्यावर पुष्कळ लिहिले गेले. त्यातले बहुतेक लेखन दोन मुद्द्यांभोवती घोटाळत राहिले. व्यावसायिक हिंदी चित्रपटात भीमजयंती साजरी होते आणि अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे हात जोडतो, ह्याचा आनंद एका बाजूला. आणि वस्तीतल्या पोरांना वर काढायला पुन्हा एकदा बाहेरचाच माणूस का लागतो, हा आक्षेप दुसऱ्या बाजूला. दोन्ही आपापल्या जागी योग्य आहेत. परंतु ज्या गोष्टीवाचून हा चित्रपट उभाच राहिला नसता, तिच्याबद्दल आपल्या नियतकालिकांतूनही फारसे कुणी बोलले नाही. ती गोष्ट म्हणजे मुलांना पळता येईल एवढी मोकळी जमीन. ती कुणाच्या ताब्यात आहे, तिचे फाटक कधी उघडते आणि कुणासाठी उघडते, हा प्रश्न चित्रपट उभा करतो आणि मध्येच सोडून देतो. तो का सुटला आणि आपल्या चळवळीच्या हातूनही तो का सुटला, ह्याचा विचार इथे करायचा आहे.

कथेला आधार नागपूरचा आहे. हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे ह्यांनी २००१ साली भर पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी वस्तीतली मुले पाहिली आणि त्यातून 'झोपडपट्टी फुटबॉल' सुरू झाले, हे आता सर्वांना ठाऊक आहे. चित्रपटात ते विजय बोराडे होतात. कॉलेज आणि वस्ती ह्यांच्यामध्ये भिंत आहे. भिंतीच्या एका अंगाला हिरवळ, गोलपोस्ट, गणवेश. दुसऱ्या अंगाला उकिरडा, नशा आणि साखळीचोरीच्या पैशाची वाटणी. मंजुळे ह्यांचे खरे सामर्थ्य ही भिंत दाखवण्यात आहे. शाळेच्या भिंतीवरच्या महापुरुषांच्या चित्रांसमोरून डुक्कर खांद्यावर नेणारी माणसे ज्याने 'फँड्री'त (२०१३) दाखवली, त्याला भिंतीची भाषा कळते हे निराळे सांगायला नको.

चित्रपटातला सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग मला सामन्याचा वाटत नाही. तो आहे पाचशे रुपयांचा. बोराडे मास्तर पोरांना सांगतात, थोडा वेळ हा चेंडू खेळा, मी पैसे देतो. पोरे खेळतात, पैसे घेतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. काही दिवसांनी मास्तर म्हणतात, आज पैसे नाहीत. पोरे घुटमळतात आणि पैशाशिवाय खेळू लागतात. प्रेक्षक इथे हसतो. पांढरपेशा प्रेक्षकाला ही एक गोड युक्ती वाटते. आपण मात्र थोडे थांबून पाहावे. खेळण्यासाठी मजुरी द्यावी लागते अशी ही कोणती मुले आहेत? ज्यांचे अंग जन्मल्यापासून कामालाच जुंपलेले असते, अंग हलवले की त्याचा मोबदला मिळाला पाहिजे हा ज्यांच्या पोटाचा अनुभव असतो, अशी ती मुले आहेत. भंगार वेचताना वाकायचे, पोलीस दिसला की पळायचे, पाण्याच्या रांगेत हंडा घेऊन उभे राहायचे. ह्या सगळ्यात चपळाई आहे, ताकद आहे, दम आहे; नाही तो फक्त खेळ. बापजाद्यांच्या अंगावर गावाचा हक्क होता. पोरांच्या अंगावर पोटाचा हक्क आहे. मास्तरांनी पाचशे रुपयांत विकत घेतली ती त्या अंगाची अर्ध्या तासाची सुटका. पैसे थांबल्यावरही पोरे मैदानावर राहतात, तेव्हा त्यांचे शरीर प्रथमच त्यांच्या स्वतःच्या मालकीचे झालेले असते. दलित जाणिवेच्या दृष्टीने हा प्रसंग मिरवणुकीच्या प्रसंगापेक्षा मोठा आहे.

आपल्या साहित्यात हे शरीर कसे आले आहे? बाबूराव बागुलांच्या कथांपासून 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०), 'अक्करमाशी' (१९८४) आणि 'उचल्या' (१९८७) ह्या आत्मकथनांपर्यंत दलित-भटक्या माणसाचे शरीर मराठीत पहिल्यांदा खरेपणाने उतरले. ते भुकेले आहे, मार खाणारे आहे, ओझे वाहणारे आहे, वासनेची शिकार झालेले आहे. लक्ष्मण गायकवाडांच्या पुस्तकात तर पोराच्या शरीराला शिक्षण मिळते ते मार सोसण्याचे. डोंबाऱ्याची पोर तारेवरून चालते, कोलांटी घेते. प्रेक्षक त्याला खेळ म्हणतात आणि तिच्या घरचे त्याला धंदा म्हणतात. आपल्या लेखकांनी हे लिहिले नसते तर ते कुणीच लिहिले नसते. तरीही एक गोष्ट खटकते ती बोलली पाहिजे. ह्या पुस्तकांतून मुले आट्यापाट्या, सूरपारंबी, विटीदांडू खेळतात ती ओझरती. लेखकाची नजर तिथे थांबत नाही. आमच्या समीक्षेनेही भूक, वेदना, विद्रोह, नकार ह्या शब्दांची एक चौकट केली, आणि त्या चौकटीत न बसणारा आनंद, विशेषतः अंगाचा आनंद, आम्ही गौण मानला. आनंद म्हणजे मध्यमवर्गीय सौंदर्यवाद्यांची मिरास, अशी काहीशी आपली समजूत झाली. माणूसपण नाकारले म्हणजे काय काय नाकारले, ह्याची यादी करताना पाणी आले, मंदिर आले, शाळा आली, जमीन आली. मैदान आले नाही.

वास्तविक ते यायला हवे होते, कारण मैदानाचा इतिहास आपल्यापासून दूर नाही. बाळू पालवणकर (१८७६-१९५५) हे चांभार समाजातले. पुण्यातल्या क्लबांत महिना तीन-चार रुपयांवर मैदान राखायचे, जाळी बांधायची, खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, असे त्यांचे काम. गोऱ्या साहेबांना सरावाला गोलंदाज हवा म्हणून त्यांच्या हाती चेंडू आला. फलंदाजी करायला मात्र त्यांना कुणी सांगितले नाही. पुढे हिंदूंच्या संघाने त्यांना घेतले, कारण त्यांच्याशिवाय जिंकता येत नव्हते. आणि चहाच्या वेळी हाच संघ त्यांना बाहेर बसवून मातीच्या भांड्यात चहा देई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरी हिंदूंच्या संघाचे नेतृत्व त्यांना मिळाले नाही. १९२३ साली ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल ह्यांना मिळाले. हा इतिहास रामचंद्र गुहांनी २००२ साली इंग्रजीत विस्ताराने मांडला. मराठीत दलित नियतकालिकांतून तो आधीच यायला हवा होता. १९३७ च्या निवडणुकीत पी. बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले, म्हणून आपण त्यांच्याकडे पाठ फिरवली असेल, तर ते राजकारण म्हणून समजू शकते. समाजशास्त्र म्हणून ते खपणार नाही.

त्या काळच्या मुंबईत मैदाने धर्माप्रमाणे वाटलेली होती. समुद्रकाठी पारशांचा जिमखाना, हिंदूंचा जिमखाना, मुसलमानांचा जिमखाना. ज्याला हिंदू आपला म्हणत नव्हते त्याचा जिमखाना कुठे असणार? तो मैदानावर असेच, पण रूळ ओढणारा म्हणून. मैदान राखायचे आणि त्यावर खेळायचे नाही, ही बलुतेदारीचीच शहरातली आवृत्ती म्हटली पाहिजे.

आणि ह्याच मुंबईत १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सभेने १९२५ च्या आरंभी सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले; मुंबईत मोफत वाचनालय चालवले; आणि त्याबरोबरच मुंबईत 'महार हॉकी क्लब' चालवला. तरुणांना जुगार-दारूपासून परावृत्त करावे हा त्यामागचा हेतू होता. चरित्रग्रंथांत ही गोष्ट येते ती एखाद्या ओळीत, आणि आपण ती ओळ वाचून पुढे जातो. हातात जेमतेम पैसा असलेली, ब्रीदवाक्यात शिक्षण-संघटन-चळवळ मांडणारी एक संस्था आपल्या पहिल्याच काळात वसतिगृह, वाचनालय आणि हॉकी क्लब अशा तीन गोष्टींना हात घालते. डोके, निवारा आणि अंग, असा तो एकत्र विचार आहे. त्यातल्या वसतिगृहाची परंपरा आपण पुढे नेली. वाचनालयाची परंपरा तर आपला अभिमानच आहे. पत्र्याच्या खोलीत चार खुर्च्या आणि दोन वर्तमानपत्रे असली तरी आपली पोरे तिला वाचनालय म्हणतात आणि तिथे बसून परीक्षा देतात. हॉकी क्लबाचे काय झाले, हे विचारायचेसुद्धा आपल्याला सुचले नाही. खेळाडू कोण होते, कुठल्या मैदानावर खेळत, काठ्या कुठून आणत, ह्यावर एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंध लिहावा एवढा हा विषय मोठा आहे.

दारू सोडवण्यासाठी खेळ, हा हेतू आजच्या दृष्टीने अपुरा वाटेल. मलाही तो वाटतो. 'झुंड'मध्ये हाच हेतू शंभर वर्षांनी पुन्हा येतो : पोरे चेंडूमागे धावली की चोऱ्या सोडतील. ह्यात गृहीत असे असते की वस्तीतले मूल मुळात बिघडलेले आहे आणि खेळ हे त्याच्यावरचे औषध आहे. वाडा-बंगल्यातले मूल पोहायला जाते तेव्हा ते गुन्हेगार होऊ नये म्हणून जाते असे कुणी म्हणत नाही. ते जाते कारण ते मूल आहे. परंतु १९२५ च्या क्लबात आणि चित्रपटातल्या मास्तरांत एक फरक आहे, आणि तो निर्णायक आहे. क्लब आपल्या माणसांचा होता. सभेत वरिष्ठ जातींचे हितचिंतक होते हे खरे, तरी क्लबाच्या नावातच त्याची मालकी सांगितलेली होती.

'झुंड'चा उत्तरार्ध ह्या मालकीच्या प्रश्नापासून दूर जातो. पूर्वार्धात भिंतीपलीकडच्या कॉलेजच्या मैदानावर सामना होतो, पोरे जिंकतात. हा क्षण आला की पुढचा प्रश्न अटळ होता : उद्यापासून ह्या मैदानावर कोण खेळणार? चित्रपट तो विचारत नाही. तो परदेशी स्पर्धा, पारपत्रे, पोलिसांचे दाखले ह्यांच्याकडे वळतो. कागदपत्रांचा हा भाग अतिशय भेदक आहे. रिंकू राजगुरूने उभी केलेली आदिवासी मुलगी मोनिका आणि तिचा बाप आपण ह्याच देशाचे आहोत हे सिद्ध करायला दारोदार हिंडतात, तो भाग एकट्यानेच एका चित्रपटाच्या तोलाचा आहे. शेवटी विमानतळावर डॉन म्हणवणारा अंकुश खिशातले पाते टाकून देतो आणि विमान झोपड्यांवरून उडते. हे दृश्य डोळ्यांत पाणी आणते. पण हिशेब मांडला तर उरते काय? निवडक मुले वस्तीतून बाहेर पडली. वस्तीत मैदान आले नाही. प्रत्यक्षातल्या बारसे ह्यांनी निवृत्तीच्या पैशातून खेळासाठी नागपूरजवळ जमीन घेतली. म्हणजे ज्या गोष्टीशिवाय चालत नाही ती त्यांना कळलेली होती. चित्रपटाने तिच्यावर कथा रचली नाही. जमीन घेणे हे दृश्य म्हणून निरस असते, हे मान्य. सात-बाऱ्याला टाळ्या पडत नाहीत.

मंजुळे ह्यांच्यावर एकट्यावर हा दोष ठेवणे अन्यायाचे होईल. शासनाचे क्रीडाधोरणही ह्याच कथेवर चालते. 'खेलो इंडिया'चा नव्याने विस्तार झाला तेव्हा गाजलेली घोषणा अशी होती : दरवर्षी एक हजार गुणवान मुले निवडायची आणि प्रत्येकाला वर्षाला पाच लाख रुपये आठ वर्षे द्यायचे. ज्या हजारांना मिळतील त्यांचे कल्याण होवो. पण ही योजना खेळाडू शोधते, मूल शोधत नाही. तिच्या आधी २००८ साली 'पायका' नावाची योजना आली होती. गावोगाव पंचायतीच्या पातळीवर मैदान करण्याचा तिचा उद्देश होता. २०१४ मध्ये ती दुसऱ्या योजनेत विरून गेली. महाराष्ट्रात तालुका क्रीडासंकुले झाली. त्यातली पुष्कळशी गावाबाहेर, कुंपणात. वस्तीतल्या आठ वर्षांच्या पोरीला तिथे पायी जाता येत नाही आणि बसचे पैसे कुणी देत नाही.

मूल म्हणून विचार करायचा तर आरोग्याचे गणित वेगळे मांडावे लागते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलाने दररोज सरासरी साठ मिनिटे दम लागेल असे खेळले-धावले पाहिजे. हाडे ह्याच वयात भरतात, हृदय आणि फुप्फुस ह्याच वयात आपली ताकद कमावतात, आणि हे वय परत येत नाही. आता दुसरा आकडा पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ३५ टक्के वयाच्या मानाने खुजी आहेत, आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाची सुमारे ६९ टक्के मुले रक्तक्षयी आहेत. हे सरासरीचे आकडे आहेत. देशभराच्या आकड्यांत अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांतले खुजेपण इतरांपेक्षा जास्त आहे. रक्तात लोह नाही त्या पोराला साठ मिनिटे धावा म्हणणे म्हणजे इंधनावाचून गाडी ढकलण्यासारखे आहे. त्याला धाप लागेल, ते बसेल, आणि शिक्षक त्याला आळशी म्हणतील.

म्हणून वस्तीतले क्रीडाकेंद्र हे नुसते मैदान असून भागत नाही. त्याच्या शेजारी ताटही असावे लागते. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायला सुरुवात केली. काही मंडळींच्या भावना दुखावल्या. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यांचा निधी थांबवला आणि द्यायचेच असेल तर लोकवर्गणीतून द्या, असे शाळांना सांगितले. ज्यांच्या घरी अंडे परवडत नाही त्यांच्याच वस्तीत अंड्यासाठी वर्गणी फिरवायची! भारताला पदके का मिळत नाहीत ह्यावर दर चार वर्षांनी अग्रलेख लिहिणारे संपादक ह्या निर्णयाच्या दिवशी काय लिहीत होते, हे कुणी तपासावे.

ताटाइतकाच कठीण प्रश्न जागेचा, आणि तो नागपूरपेक्षा मुंबईत उघडा पडतो, कारण तिथे जमिनीला सोन्याचा भाव आहे. मुंबईत माणशी मोकळी जागा दीड चौरस मीटरही भरत नाही. केंद्र शासनाचीच मार्गदर्शक तत्त्वे माणशी दहा-बारा चौरस मीटर सांगतात. गोवंडी-मानखुर्दच्या एम-पूर्व विभागाकडे पाहा. १९२७ पासूनची देवनारची कचराभूमी तिथे, आणि शहरातल्या प्रकल्पांनी उठवलेल्या झोपड्यांतली माणसेही तिथेच नेऊन वसवली. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातले सर्वांत खालचे स्थान ह्या विभागाचे आहे. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड ह्या पुनर्वसन वसाहतींतल्या सात-आठ मजली इमारतींत काही ठिकाणी जेमतेम तीन मीटरचे अंतर आहे. खालच्या मजल्यांवर दिवसा दिवा लावावा लागतो. डॉक्टरांनी केलेल्या पाहणीत उजेड आणि हवा ह्यांचा अभाव आणि तिथल्या क्षयरोगाचे प्रमाण ह्यांचा संबंध दिसून आला. अशा घरातल्या मुलासाठी मैदान ही चैन नसते. सूर्य मिळण्याची ती एकच जागा असते.

परंतु मैदानाचा प्रश्न शहरात कोण मांडतो ते पाहिले म्हणजे त्यातली गोम कळते. तो मांडतो मोकळ्या जागांसाठी झटणारा सुशिक्षित नागरिक. त्याच्या मांडणीत झोपडी ही अतिक्रमण असते आणि मैदान हे शहराचे फुप्फुस असते. मैदानासाठी राखलेल्या पण झोपड्यांनी व्यापलेल्या भूखंडांवर पुनर्वसनाच्या इमारती बांधाव्यात की नाही, ह्यावर मुंबई उच्च न्यायालयात २००२ सालापासून याचिका चालली. जून २०२५ मध्ये निकाल लागला. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या अशा भूखंडांवर पुनर्वसन करताना किमान ३५ टक्के जागा मोकळी ठेवण्याचा नियम न्यायालयाने उचलून धरला आणि ती खरोखर मोकळी राहते की नाही ह्यावर देखरेखीचे निर्देश दिले. निवारा आणि मोकळा श्वास ह्यांच्यात न्यायालयाने तडजोड केली, ती मला ह्या परिस्थितीत योग्यच वाटते. पण ह्या दोहोंत तडजोड करण्याची पाळी फक्त गरिबावर यावी, हे लक्षात घ्या. मलबार हिलच्या रहिवाशाला कुणी विचारत नाही की तुला घर हवे की बाग.

आणि ते ३५ टक्के कुणाच्या हाती जाणार? राखीव मैदाने 'काळजीवाहू' आणि 'दत्तक' धोरणांखाली खाजगी संस्थांकडे सोपवण्याचा अनुभव मुंबईने घेतलेला आहे. त्यातल्या काही संस्था राजकीय पुढाऱ्यांच्या होत्या. मैदानाच्या जागी सभासद-शुल्काचे क्लब उभे राहिले. २०१६ साली ह्या धोरणावर गदारोळ झाला, स्थगिती आली, भूखंड परत घेण्याचे आदेश निघाले. आता नवी तऱ्हा आली आहे ती हिरव्या कृत्रिम गवताच्या टर्फची. जाळी, प्रखर दिवे, तासाचे भाडे. वस्तीतली पोरे जाळीला नाक लावून बघतात आणि चेंडू बाहेर आला तर तो परत टाकतात. बाळू पालवणकरांच्या नोकरीपासून हे किती पुढे आले ते ज्याचे त्याने ठरवावे.

दुसऱ्यांचे एवढे सांगितल्यावर आपल्या घरात डोकावले पाहिजे. गावांतल्या दलित वस्त्यांच्या सुधारणेसाठी राज्यात १९७४ पासून योजना आहे. पाणी, गटार, रस्ता ह्यांबरोबर तिच्यातून गावोगाव समाजमंदिरे झाली. आज त्यातल्या अनेकांना कुलूप आहे. लग्नाला, मयताच्या जेवणाला आणि निवडणुकीच्या बैठकीला ते उघडते. आपल्या कार्यकर्त्याने निधीसाठी अर्ज केला तो सभागृहासाठी केला, कमानीसाठी केला, पुतळ्यासाठी केला. पुतळ्याचे मोल मी कमी लेखत नाही. गावाच्या चौकात तो उभा करायला काय सोसावे लागते हे ह्या पानांच्या वाचकाला माहीत आहे. पण पुतळ्याभोवतीची जी मोकळी जागा आपण लढून मिळवली, तिला लोखंडी कठडा आपणच घातला आणि पोरांना तिथून हाकलले तेही आपणच. अंगाने कष्ट करणाऱ्या समाजाने लिहिण्या-वाचण्याला वर ठेवले, ह्याला ऐतिहासिक कारण आहे. पोरगा मैदानात दिसला की आईच्या पोटात गोळा येतो : हा शिकणार नाही, हा आपल्यासारखा राबेल. ही भीती खरी आहे. तिचे उत्तर व्याख्यानाने मिळणार नाही. मैदान आणि अभ्यासिका एकाच आवारात असतील तर कदाचित मिळेल, आणि १९२५ च्या सभेला हे उमगले होते.

मुलींचा प्रश्न तर ह्याहून अवघड. 'झुंड'मधली रझिया नवऱ्याने टाकलेली आहे, पदरी मुली आहेत, आणि ती मैदानात उतरते. दिग्दर्शकाने तिला संघात घेतले हे त्याचे मोठेपण. पण ती तिथे टिकते ती चित्रपटाच्या कृपेने. खऱ्या वस्तीत मैदान झाले की आठवड्याभरात मोठी पोरे ते व्यापतात, क्रिकेटचा बॅटधारी मध्यभागी उभा राहतो, लहान पोरे कडेला सरकतात आणि मुली घरी परततात. त्यांच्यासाठी ठरलेली वेळ, आडोशाला दार असलेला संडास, चालू नळ आणि शिकवायला एखादी बाई, एवढ्या चार गोष्टी नसतील तर त्या केंद्राला मुलांचे केंद्र म्हणावे, बालकांचे म्हणू नये. सायंकाळच्या दिव्याचा खर्च कोण देणार ह्याचाही ठराव पहिल्याच बैठकीत व्हावा. इमारतीला आमदार निधी मिळतो. दिव्याच्या बिलाला, चेंडूला, आणि फाटक उघडणाऱ्या माणसाच्या पगाराला मिळत नाही, आणि केंद्रे बंद पडतात ती नेमकी ह्या तीन खर्चांनी.

किल्लीबद्दल मात्र कठोर राहिले पाहिजे. उद्घाटन करणाऱ्याच्या संस्थेकडे ती जाऊ नये. ती वस्तीतल्या समितीकडे असावी, आणि त्या समितीत ज्यांची पोरे तिथे खेळतात अशा बाया निम्म्या तरी असाव्यात. फलक कुणाच्या नावाचा हा वाद होणारच. आपल्याकडे तो आधी होतो. त्यात दोन वर्षे गेली तरी चालतील, पोरांनी तोवर खेळत राहावे.

हे वाचणारे विद्यार्थी आणि शिक्षक ह्यांच्या हाती लगेच करता येण्याजोगे एक काम आहे. प्रत्येक शहराचा विकास आराखडा हा सार्वजनिक कागद आहे. त्यात मैदानासाठी राखलेला प्रत्येक भूखंड नकाशावर दाखवलेला असतो. आपल्या प्रभागाचा नकाशा मिळवावा, माहितीचा अधिकार त्यासाठी २००५ पासून आहेच, आणि तो हातात घेऊन त्या भूखंडांवर चालत जावे. कुठे गोदाम असेल, कुठे वाहनतळ, कुठे पुढाऱ्याचा क्लब, कुठे झोपड्या, कुठे नुसता उकिरडा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला मैदान असणे हा निकष ठरवला आहे. म्हणून प्रभागातल्या शाळाही ह्याच फेरीत मोजाव्यात. पावलांनी मोजले तरी चालेल. लांबी, रुंदी, फाटक आहे की नाही, उघडते किती वाजता, आणि सायंकाळी सहा वाजता तिथे किती मुली होत्या, एवढे लिहून काढावे. नागपुरातल्या कुणी हे काम 'झुंड'च्या त्या भिंतीपासूनच सुरू केले तर उत्तम.